हळद की इंजेक्शन? आधी सडाची चाचणी

गोव्यातल्या दूध उत्पादकांच्या बैठकीत कासदाहाचा, म्हणजे गायीच्या कासेला होणाऱ्या दाहाचा, विषय निघाला की बघता बघता दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणतात, आमच्या आज्यांनी कुठे इंजेक्शनं टोचली होती? हळद-कोरफड लावून गुरं बरी होतच होती ना! दुसऱ्या बाजूचे हसतात. हळदीने जंतू मरत असते तर सरकारने दवाखाने कशाला उघडले असते? पहिल्यांना परंपरेचा पुळका, दुसऱ्यांना सुईचा. गाय बिचारी तशीच उभी, आणि तिच्या चारपैकी नेमक्या कुठल्या सडात काय चाललंय हे भांडणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नसतं.

पर्यायी उपचारांना माझा विरोध नाही. उलट घरटी दोन-चार गुरं बाळगणाऱ्या आपल्या राज्यात त्यांना हक्काची जागा आहे असंच माझं मत आहे. पण ही जागा चाचणीनंतरची आहे. चाचणी न करता हळद फासणं हा जुगार, आणि चाचणी न करता इंजेक्शन ठोकणं हाही जुगारच. पहिल्या जुगाराला आपण अंधश्रद्धा म्हणतो आणि दुसऱ्याला उपचार, एवढाच काय तो फरक.

कासदाहाला गोठ्यात दगडी म्हणतात. कास तापते, सुजते, हाताला कडक लागते, गाय धारेला हात लावू देत नाही. धारेत गुठळ्या येतात, कधी दुधाऐवजी पिवळट पाणी, कधी रक्त. हे झालं डोळ्यांना दिसणारं दुखणं. न दिसणारं त्याहून कितीतरी जास्त असतं. दूध दिसायला स्वच्छ, कास मऊ, गाय खातेपिते, फक्त दूध थोडंथोडं उतरत जातं. मग घरात कारणं शोधली जातात. पेंड बदलली म्हणून असेल, उकाड्याने असेल, नाहीतर शेजारणीची दिष्ट लागली असेल. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या जातात, गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं जातं. घालावं की, गाऱ्हाण्याने गायीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते कौल मिळेपर्यंतच्या दिवसांत.

आपली हवाही या रोगाच्या पथ्यावर पडणारी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, गोठ्याची जमीन ओली, शेण आणि मूत यांचा राडा, माशा. सत्तरीत, डिचोलीत, सांग्यात संकरित जर्सी आणि होल्स्टीन गायी आल्या त्या भरपूर दूध देणाऱ्या, मोठ्या कासेच्या आणि जमिनीच्या जवळ लोंबणाऱ्या सडांच्या. आपली गावठी श्वेतकपिला दूध कमी देते, पण या पावसात ती पिढ्यान्‌पिढ्या काढलेली आहे. दुधाचा हट्ट धरला की रोगाचा धोकाही पदरात घ्यावा लागतो, आणि योजनेचं अनुदान वाटताना हे कुणी समजावून सांगत नाही. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धाएक तास उघडं राहतं. तेवढ्यात गाय ओल्या शेणात बसली की जंतू आत. म्हणून धार संपली की लगेच पुढ्यात गवत किंवा पेंड टाकायची, म्हणजे ती उभी राहते. हा उपाय फुकटचा आहे. बहुधा म्हणूनच त्याची योजना निघत नाही.

आता हळदीकडे वळू. पर्यायी उपचार म्हणजे काहीतरी हवेतली गोष्ट, असा समज असेल तर तो काढून टाकावा. आणंदचं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि बेंगळुरूचं ट्रान्सडिसिप्लिनरी विद्यापीठ यांनी मिळून गुरांच्या पारंपरिक औषधांचे पाठ, म्हणजे कृती, तयार करून दूध संघांमार्फत पसरवले आहेत. त्यातला कासदाहाचा पाठ असा: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम. तिन्ही एकत्र वाटून लगदा करायचा. कास धुऊन सगळं दूध पिळून टाकायचं, लगद्यातला मूठभर घेऊन पाण्यात पातळ करायचा आणि कासेला लावायचा. दिवसातून आठ-दहा वेळा, निदान पाच दिवस. जोडीला लिंबं कापून खायला घालायची. सामान आपल्या परसात आणि पानाच्या तबकात आहे, त्यामुळे खर्च जवळजवळ नाहीच, असं सांगितलं जातं.

खर्च नाही हे मात्र मला पटत नाही. दिवसातून दहा वेळा गायीच्या मागे बसून कास धुवायची, पिळायची, लेप लावायचा, हे कोण करतं? घरातली बाई. तिच्या हातचे हे तास हिशेबात धरले तर उपचार स्वस्त राहत नाही. गोठ्यात दोन गायी असतील तर एखादी सत्तरीकर मावशी स्वयंपाक सांभाळून हे करीलही, आणि मनापासून करील. वीस गायींच्या गोठ्यात पगारी माणूस दुसऱ्या दिवशीच लेपाची टोपली कोपऱ्यात ठेवून देतो. म्हणून हा पाठ लहान गोठ्याचा आहे. मोठ्या गोठ्यांच्या प्रशिक्षणात तोच वाटून काय साधतं, हे मला कळलेलं नाही.

पण तो लागू पडतो का? इथे दोन्ही बाजू घाई करतात. हळदीतल्या कुर्क्युमिनने प्रयोगशाळेच्या बशीत जंतूंची वाढ रोखली जाते, हे खरं. बशी म्हणजे कास नव्हे. कातडीवर लावलेली हळद सडाच्या आतल्या दुधाच्या नलिकांपर्यंत किती पोचते, हा प्रश्न उरतोच. उलट बाजूने पाहा: लेप लावण्याआधी दर वेळी कास धुतली जाते, सड रिकामा केला जातो, गायीकडे दिवसभर लक्ष राहतं. गुण आला तर तो हळदीचा की या धुण्या-पिळण्याचा? हे कळायचं असेल तर एका गटाच्या गायींना लेप, दुसऱ्या गटाला नुसतं धुणं-पिळणं आणि तिसऱ्याला नेहमीचा उपचार, अशी तुलना करावी लागते. ‘आमच्या गायीला बरं वाटलं’ याने भागत नाही, कारण कासदाहाच्या सौम्य केसेसपैकी बऱ्याच काहीही न करता बऱ्या होतात. विशेषतः शेणातल्या ई. कोलाय जंतूंनी झालेला सौम्य दाह गायीचं शरीर पुष्कळदा आपणहून आटोक्यात आणतं. त्या चार दिवसांत जो उपाय हाताशी असतो त्याला श्रेय मिळून जातं.

होमिओपॅथीचं नेमकं हेच झालं आहे. युरोपात सेंद्रिय दुधाचे नियम वनस्पतिजन्य आणि होमिओपॅथिक औषधांना झुकतं माप देतात, म्हणून तिथे तिचा वापर होतो, आणि आपल्याकडेही पाण्यात गोळ्या विरघळवून पाजणारे आहेत. २००४ साली नॉर्वेत कासदाह झालेल्या ५७ गायींवर एक नीट आखलेली चाचणी प्रसिद्ध झाली. होमिओपॅथीचं औषध आणि औषध नसलेलं नुसतं द्रावण यांत फरक आढळला नाही. हे वाचूनही कुणी सांगतो की माझ्या म्हशीला गुण आला. आला असेल. नुसत्या द्रावणानेही आलाच असता. हळदीला, कोरफडीला निदान शरीरावर काही परिणाम करणारं द्रव्य तरी आहे. म्हणून मी या दोन्हींना एका दावणीला बांधत नाही. ‘पर्यायी’ या एकाच पाटीखाली वाटेल ते मांडण्याच्या सवयीने खऱ्या वनौषधींचंच नुकसान होतं.

इंजेक्शनवाल्यांनी एवढ्यावर टाळ्या वाजवू नयेत, त्यांचाही हिशेब चुकता करायचा आहे. ई. कोलायच्या सौम्य दाहाला प्रतिजैविकाची गरज बहुधा नसते, हे आज आधुनिक पशुवैद्यकच सांगतं. दुधाचा नमुना आधी वाढवून बघायचा, जंतू कुठल्या गटातला ते ओळखायचं आणि गरज असेल त्याच सडाला औषध द्यायचं, ही पद्धत परदेशातल्या मोठ्या डेअऱ्यांत रुळली आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू तर कासेच्या मांसात असा दडून बसतो की जुन्या दुखण्यात महागडं प्रतिजैविकही हात टेकतं. अशा गायीवर हळदीचा लेप लावा नाहीतर तिसऱ्या पिढीचं औषध भरा, वेत संपेपर्यंत ती शेजारच्या गायींना रोग देत राहते. तिला शेवटी पिळायचं, हे साधं शहाणपणदेखील निदान झालं तरच सुचतं. गाय आटवताना, म्हणजे वेताच्या शेवटी तिची धार बंद करताना, चारही सडांत सरसकट प्रतिजैविक भरण्याची पद्धत युरोपीय महासंघाने २८ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या नियमांनी बंद केली. आपल्याकडे औषधाच्या दुकानात सडात भरायची प्रतिजैविकाची ट्यूब मागितली की चिठ्ठी कुणी विचारत नाही.

आणि त्या ट्यूबचं दूध जातं कुठे? प्रतिजैविक दिलेल्या गायीचं दूध औषधाप्रमाणे ठरावीक दिवस विकायचं नसतं, हे वेष्टनावर छापलेलं असतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभर ६,४३२ दुधाचे नमुने तपासले. त्यातल्या ७७ नमुन्यांत प्रतिजैविकं मर्यादेपेक्षा जास्त निघाली, म्हणजे १.२ टक्के. आकडा लहान दिसतो. पण डेअरीच्या टाकीत शेकडो गायींचं दूध एकत्र होतं आणि एका गोठ्याचं पाप त्यात विरघळून जातं. घरी विरजण लावणाऱ्या बायकांना हे वेगळ्या वाटेने कळतं. कधी दही लागतच नाही, पातेल्यात सकाळीही दूध तसंच पातळ. विरजणातले जंतू मेले तर दही कुठून लागणार? दही न लागायला थंडी, जुनं विरजण अशी दुसरीही कारणं असतात, तरी रोजच्या दुधाबद्दल ही शंका घरात यावी हेच वाईट.

चाचणी म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. मयेच्या बाजूला एका गोठ्यात पहाटेच्या धारेला मी उभा होतो. चाचणी करणाऱ्या मुलाच्या हातात प्लास्टिकची एक पळी होती, तिला चार वाट्या. दर सडाची पहिली धार जमिनीवर न टाकता त्याने गाळणीवर घेतली, काळ्या फडक्यावर, गुठळी असेल तर तिथेच दिसावी म्हणून. मग चार सडांची थोडीथोडी धार चार वाट्यांत. प्रत्येकीत दुधाइतकंच जांभळट द्रावण ओतून त्याने पळी गोल गोल हलवली. तीन वाट्यांतलं दूध पाण्यासारखं फिरत राहिलं. चौथ्या वाटीत, मागच्या उजव्या सडाच्या, ते घट्ट होऊ लागलं, मध्ये उचललं गेलं, कांजीच्या गोळ्यासारखं तळाशी चिकटून बसलं. गोठ्याची मालकीण वाकून बघत होती. ‘‘हा सड तर मला सगळ्यांत चांगला वाटायचा,’’ ती म्हणाली. ‘‘दूध मऊ यायचं.’’ मुलाने तिला मागचा सड शेवटी पिळायला आणि नंतर हात धुवायला सांगितलं. पुढचं काय करायचं हे त्याच्या हातात नव्हतं, पण निदान कुठे करायचं ते कळलं होतं. ही चाचणी १९५७ सालापासून जगात वापरली जाते. तिला वीज लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, शिकायला एक सकाळ पुरते. दूध संकलन करणाऱ्या प्रत्येक सोसायटीत अशी पळी आणि द्रावणाची बाटली असावी, एवढी साधी मागणी मी करतो आहे, आणि तीसुद्धा आजवर कुणाच्या जाहीरनाम्यात आलेली नाही.

परंपरेच्या भक्तांना मी आणखी एक विचारतो. परंपरेतलं नेमकं काय घ्यायचं? वासरू मेलं की गाय पान्हा सोडत नाही. मग त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवायचं, ती चाटते आणि पान्हा सुटतो. यात जादू नाही. वासराचा वास आणि स्पर्श मिळाला की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, ते कासेपर्यंत पोचतं. घाबरलेल्या गायीत उलट होतं, ती पान्हा चोरते. म्हणून धारेच्या वेळी गोठ्यात आरडाओरडा नको, हे म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. आता दुसरी परंपरा घ्या. फुका. गायीच्या योनिमार्गात हवा फुंकून पान्हा सोडवायचा. लागू पडतो का? पडतो, त्याच ऑक्सिटोसिनमुळे. आणि म्हणूनच १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम १२ लिहावं लागलं, ज्यात फुक्याबरोबर दूध वाढवण्यासाठी अपायकारक पदार्थ टोचणंही गुन्हा ठरवलं आहे. लागू पडणं पुरेसं नसतं. ऑक्सिटोसिनची बाटली तर पुढे एवढी बोकाळली की केंद्राने २०१८ साली तिचं उत्पादन एका सरकारी कंपनीपुरतं मर्यादित केलं. बाळंतिणींचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं, म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द केला.

हवा भरण्यावरून आठवलं, डेन्मार्कची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. व्याल्यावर गाय आडवी पडते, अंग गार, मान पोटाकडे वळवलेली: दुग्धज्वर. एकोणिसाव्या शतकात यातल्या निम्म्याहून अधिक गायी मरत. १८९७ साली श्मिट नावाच्या डॅनिश पशुवैद्याला वाटलं की विष कासेत तयार होतं, म्हणून त्याने सडांतून पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण आत सोडलं. गायी उठून उभ्या राहिल्या. पुढे लक्षात आलं की औषधाची गरज नाही, नुसती हवा भरली तरी गाय उठते. विषाची कल्पना साफ खोटी होती. खरं कारण रक्तातला कॅल्शियम उतरणं हे होतं. हवेच्या दाबाने कासेत दूध तयार व्हायचं थांबत असे आणि कॅल्शियम गळायचा थांबत असे. उपाय बरोबर, कारण चूक. पण त्या हवेबरोबर जंतूही आत जात आणि वाचलेल्या गायीला कासदाह होई. शिरेतून कॅल्शियम देणं सुरू झालं तेव्हा हवा भरणं मागे पडलं. कारण शोधत राहिलं म्हणूनच चांगला उपाय सापडला. ‘गुण येतो ना, मग कारण कशाला हवं?’ असं त्या वेळी कुणी म्हणून थांबलं असतं, तर आजही आपण पंप घेऊन गोठ्यात उभे असतो.

आडवी पडलेल्या गायीला आजही आपल्याकडे चुन्याची निवळी किंवा गूळपाणी बाटलीने पाजतात. व्याण्याआधी आणि नंतर खाण्यातून कॅल्शियम मिळणं वेगळं. पण मान टाकलेल्या गायीला गिळता येत नाही, बाटलीतलं पाणी फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांनी ती न्यूमोनियाने दगावते. इथे पर्याय नाही, डॉक्टरच हवा. तसंच सडाचं तोंड बंद झालं तर हळद-लोणी लावून कडुलिंबाच्या पानाचा देठ आत घालायचा, असा एक पाठ चालतो. माझा त्याला विरोध आहे. सडाच्या तोंडाशी असलेलं नाजूक अस्तर हाच जंतूंविरुद्धचा पहिला बंदोबस्त, आणि त्यातून देठ घालायचा म्हणजे दार आपणच उघडून द्यायचं. कास थंड, निळसर पडली, कान गार झाले, गाय उठेना, ताप किंवा धाप असेल तर लेपाची टोपली बाजूला ठेवून फोन करावा. असा विषारी कासदाह एका दिवसात गाय नेतो.

शतावरी आणि जिवंती या वनस्पतींबद्दल फार लिहीत नाही. दूध वाढवणाऱ्या भुकटीच्या डब्यांवर या दोघींची नावं असतातच. त्या वाईट नाहीत. पण पाण्याची बादली दिवसातून दोनदाच पुढे येत असेल आणि मार्चनंतर हिरवा चारा संपला असेल, तर शतावरीने कास भरत नाही. एप्रिलमध्ये दूध उतरलं की डबा विकत घेणाऱ्यांनी त्या पैशात किती हिरवा चारा आला असता याचा एकदा हिशेब करावा.

खरी परंपरा कुणाकडे आहे, हेही विचारायला हवं. सत्तरीच्या डोंगरांत गवळी-धनगर म्हशी घेऊन राहतात. कुठल्या म्हशीची कास कधी भरेल, कुठला पाला दिल्यावर वार लवकर पडते, हे त्यांच्या बायकांना तोंडपाठ आहे. त्यांची चरायची राने कमी होत गेली, मुलं कामाला शहरात गेली. त्यांच्याकडून पाठ लिहून घ्यायचं काम गोवा राज्य जैवविविधता मंडळाच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांत व्हायला हवं, कारण २००२च्या जैवविविधता कायद्याने त्या वह्या याचसाठी ठेवल्या आहेत. लिहून ठेवण्याला किती किंमत असते हे आपल्या माशेलच्या सुपुत्राने दाखवून दिलं. हळदीने जखमा भरतात यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. भावनेने नव्हे, कागदाने. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक छापील वैद्यकीय लेख पुढे ठेवला म्हणून. हळदीची ती लढाई पुराव्याने जिंकली. मग कासेवरच्या हळदीला पुरावा मागितला की परंपरेचा अपमान कसा होतो?

पुरावा जमवायला गोव्याइतकी सोयीची जागा सापडणं कठीण. पेडण्यात धारगळला डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान सुरू झालं. जुने गोवेत केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्था आहे, तिथे श्वेतकपिलेवर काम झालं आहे. कुर्टीला गोवा डेअरी आहे, तिच्याकडे सोसायट्यांचं जाळं आहे. आणि पशुसंवर्धन खात्याचे दवाखाने तालुक्या-तालुक्यात आहेत. पेडण्यापासून कुर्टीपर्यंत तासा-दीड तासाचा रस्ता. पशुवैद्यक आणि आयुर्वेद यांनी एकत्र संशोधन करावं असा करार केंद्रातल्या दोन मंत्रालयांनी केलेलाच आहे, त्यामुळे वरून परवानगी नाही ही सबब चालायची नाही. दहा-बारा सोसायट्या घ्याव्यात. पळीने चाचणी करून सौम्य कासदाह सापडलेल्या गायींचे तीन गट पाडावेत, वर सांगितले तसे. दूध पुन्हा कधी स्वच्छ झालं, किती उतरलं, पुढच्या वेतात पुन्हा दगडी झाली का, हे तारखेनिशी लिहावं. एक पावसाळा आणि एक उन्हाळा, दोन्ही धरून. हळद हरली तर तसं छापावं आणि जिंकली तरी तसंच छापावं. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पशु औषधी’ या स्वस्त औषधांच्या योजनेसाठी ७५ कोटींची तरतूद केली. तिथे काय विकायचं हे ठरवताना अशी चाचणी हाताशी असेल तर दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहावं लागणार नाही.

पशुवैद्यांचा एक आक्षेप मला मान्य आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे गुरांवर उपचार नोंदणीकृत पशुवैद्यानेच करायचा असतो. सोसायटीच्या पोऱ्याने लेपाचे पाठ वाटत फिरू नये. पण चाचणी करणं म्हणजे उपचार नव्हे, आणि सौम्य दाहाला कास धुऊन लेप लावायला मालकिणीला डॉक्टरचा दाखला लागू नये. कुठपर्यंत घरचं आणि कुठून डॉक्टरचं ही रेघ पशुवैद्यांनीच आखून द्यावी, गोठ्याच्या भिंतीला चिकटवता येईल अशा एका मराठी-कोकणी कागदावर. ती आज कुणी आखलेली नाही म्हणून जो तो आपल्या मर्जीने आखतो.

राहता राहिला पैसा, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातं. गोठ्यात हळदीकडे कल झुकतो तो श्रद्धेपेक्षा हिशेबाने. इंजेक्शन दिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं तर सोसायटी तीन-चार दिवस त्या गायीचं दूध घेणार नाही. सांगितलं नाही तर घेईल. म्हणजे खरं बोलणाऱ्याला दंड आणि लपवणाऱ्याला रोख पैसे. राज्याला लागणाऱ्या दुधाचा मोठा वाटा आजही महाराष्ट्र-कर्नाटकातून येतो. अशा वेळी इथला दूधवाला टिकवायचा असेल तर रोखून धरलेल्या त्या दुधाची भरपाई दिली पाहिजे. चाचणीची नोंद आणि पशुवैद्याची चिठ्ठी दाखवली की ठरावीक दिवसांचे पैसे सोसायटीच्या खात्यावर, ही रक्कम अनुदानाच्या एकूण खर्चात फार मोठी असणार नाही. चिठ्ठी नसेल तर भरपाई नाही. मग ट्यूब दुकानातून गुपचूप आणायचं कारण उरत नाही, आणि लेप लावायचा की ट्यूब भरायची हे पळीतल्या वाटीकडे बघून ठरवता येतं. येत्या पावसाळ्याआधी कुर्टी आणि पणजी यांनी एकदा टेबलावर बसून या भरपाईचा दर ठरवावा, कारण जूनमध्ये गोठे ओले झाले की पहिली दगडी यायला वेळ लागत नाही.